कॉमिकचा नवा अंक कसा पारखावा?

मुलांनो, सुपरहीरोचा नवा अंक वाचून झाल्यावर 'कसा होता?' असे विचारले की तुमच्याकडून दोनच उत्तरे येतात: 'मस्त' किंवा 'बोअर'. ही झाली तुमची आवड. त्या आवडीचे कारण सांगता आले की त्याला परीक्षण म्हणतात. वीस-बावीस पानांच्या एका अंकाला आजकाल चार-पाच डॉलर पडतात. पुढचा अंक घ्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी तरी कारण सांगता यायला हवे!

आम्हा इंजिनियर लोकांची एक साधी युक्ती आहे. यंत्रातला एक भाग बदलायचा आणि बाकीच्या यंत्रावर काय परिणाम होतो ते पाहायचे. काहीच फरक पडला नाही, तर तो भाग नुसता शोभेचा होता असे समजायचे. हीच युक्ती गोष्टीलाही लावता येते.

उदाहरण म्हणून 'स्पायडर-मॅन: इंडिया' घेऊ. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांची ही चार अंकांची मालिका २००४ साली भारतात सुरू झाली. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कचा पीटर पार्कर निर्माण केला. या मालिकेत तो मुंबईचा पवित्र प्रभाकर झाला. आता एकेक बदललेला भाग तपासू.

पहिला भाग नावांचा. मेरी जेनची मीरा जैन झाली, बेनकाकांचे भीमकाका झाले. वाचताना गंमत वाटते, पण जुनी नावे परत घातली तरी गोष्टीत काही बिघडत नाही. म्हणजे हा भाग शोभेचा.

दुसरा भाग कपड्यांचा. पवित्र खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईच्या शाळेत येतो. तो धोतर नेसतो म्हणून मुले त्याला चिडवतात. पुढे त्याच्या सुपरहीरोच्या पोशाखातही धोतर आहेच! ज्यावरून हसले तेच त्याने टाकून दिले नाही. शाळेत डब्यातली पोळीभाजी पाहून कुणी नाक मुरडले असेल, तर हे तुम्हाला लगेच समजेल. हा भाग काढला तर गोष्ट लंगडी होते.

तिसरा भाग शक्तीचा. पीटरला किरणोत्सर्गी कोळी चावतो, म्हणजे तो निव्वळ अपघात असतो. त्या शक्तीचे काय करायचे हे त्याला कुणी सांगत नाही; ते त्याला ठेच लागून शिकावे लागते. पवित्रला मात्र एक योगी शक्ती देतो, आणि ती दुष्टांशी लढण्यासाठी देतो. उत्तर आधीच हातात मिळाल्यामुळे पवित्रची धडपड थोडी कमी होते. योगी आला म्हणून गोष्ट जास्त भारतीय झाली असेल, पण माझ्या मते ती इथे जरा कच्ची झाली.

चौथा भाग काकांचा, आणि तो मला सर्वांत आवडला. १९६२च्या गोष्टीत पीटर एका चोराला पळू देतो आणि पुढे तोच चोर घरात शिरून बेनकाकांना मारतो. पवित्रच्या गोष्टीत काही गुंड एका बाईवर हल्ला करतात. पवित्र ते पाहतो आणि निघून जातो. भीमकाका मात्र तिच्या मदतीला धावतात आणि मारले जातात. त्यांच्या अंगात कसलीच शक्ती नसते. ज्याच्याजवळ शक्ती होती तो गेला, आणि ज्याच्याजवळ नव्हती तो धावला! जबाबदारी म्हणजे काय ते इथे भाषण न देता कळते.

२०२३ साली पवित्र 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या चित्रपटात आला. त्याच वर्षी निकेश शुक्ला यांनी लिहिलेली पाच अंकांची नवी मालिकाही निघाली. चित्रपटात माइल्स 'चाय टी' म्हणतो तेव्हा पवित्र वैतागतो, कारण त्याचा अर्थ 'चहा चहा' असा होतो. पवित्रच्या जागी दुसरा कोणी ठेवून पाहा, विनोद टिकत नाही. म्हणून तो पास!

एक गोष्ट लक्षात ठेवा. हीरो 'आपला' आहे म्हणून त्याला दहा मार्क जास्त देऊ नका, आणि मित्रांसमोर लाज वाटते म्हणून दहा कापूही नका. आपल्या माणसाचे काम आपण नीट पारखले, तरच आपण त्याला खरा मान दिला असे होते.

गृहपाठ: तुम्ही वाचलेला कोणत्याही सुपरहीरोचा शेवटचा अंक घ्या. त्यातला एक भाग मनात बदलून पाहा: गाव, पोशाख, शक्ती किंवा एखादे माणूस. काय मोडले आणि काय तसेच राहिले, ते मराठीत आठ-दहा ओळींत लिहून आणा. 'मस्त' आणि 'बोअर' हे दोन शब्द मात्र वापरायचे नाहीत!