घरखर्चाचीही वही हवी

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग कारागिराला मजुरी आठवड्याला मिळते, किराणा मात्र रोज, पाव-पाव किलो, उधारीवर येतो. दहा माणसांच्या घरात गळती इथेच होते. उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव करता येत नाही, दुकानही बदलता येत नाही.

आमचे सांगणे एवढेच : मजुरी हाती येताच धान्याचा हिस्सा बाजूला काढावा. मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू येतो, तेव्हा रोखीने पोते घ्यावे.

रेशनकार्डही तपासावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. सून आणि दोन नातवंडांची नावे चढवायची राहिली, तर महिन्याला १५ किलो बुडते.

दुकानाचा हिशेब आपण पैशापैशाने लिहितो. घराचाही लिहू या.