कंपनीच्या टेम्पोने कार ठोकली. दुरुस्तीचा खर्च ड्रायव्हर देणार की मालक?

समजा, कात्रजच्या सिग्नलला तुमची कार उभी आहे. मागून एका डेअरीचा टेम्पो येतो, ब्रेक उशिरा लागतो आणि तुमचा मागचा बंपर आत जातो. सुदैवाने कुणाला लागलेले नाही. ड्रायव्हर उतरून हात जोडतो, "साहेब, मालकाला फोन नका करू, पगारातून कापतील." खिशातून दोन हजार रुपये काढून पुढे करतो. मागे हॉर्न सुरू झालेले असतात. अशा वेळी बहुतेक जण पैसे घेऊन किंवा चार शब्द सुनावून निघून जातात.

पण भरपाई एकट्या ड्रायव्हरनेच द्यायची असे नसते. नोकर मालकाच्या कामावर असताना त्याच्या निष्काळजीपणामुळे कुणाचे नुकसान झाले, तर भरपाईची जबाबदारी मालकावरही येते. याचे एक जुने उदाहरण आपल्याकडचेच आहे. १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली एका जिनिंग कंपनीची कार झाडावर आदळली आणि आत बसलेल्या प्रवाशाचा मृत्यू झाला. गाडी कंपनीचा मॅनेजर चालवत होता. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९७७ मध्ये कोर्टाने मॅनेजर कामावर होता असे मानून कंपनीला जबाबदार धरले. तिथे एक जीव गेला होता, इथे फक्त बंपर आहे, पण तत्त्व तेच लागू होते.

टेम्पोवरचे नाव म्हणजे मालक नव्हे

खरी गफलत इथे होते. टेम्पोवर डेअरीचे नाव असते, गाडी मात्र एखाद्या वाहतूक कंत्राटदाराची असते. तुम्ही डेअरीच्या कस्टमर केअरला आठवडाभर फोन करता आणि ते सांगतात, "गाडी आमची नाही." मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. त्यामुळे नंबर प्लेट, दोन्ही गाड्यांची स्थिती आणि शक्य असेल तर आरसी यांचे फोटो जागेवरच काढून ठेवा. एम-परिवहन अॅपवर नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते, मालकाचे नाव मात्र अर्धवट झाकलेले असते. त्यासाठी कलम १६० आहे. भरपाई मागणाऱ्याने फी भरून विचारले, तर अपघातातील गाडीची माहिती आरटीओ किंवा पोलीस ठाण्याने द्यायची असते. विमा कुणाचा आहे, हे सांगायला कलम १५२ नुसार समोरचा पक्षही नकार देऊ शकत नाही.

जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करून तिची प्रत घ्या. कुणी जखमी नाही म्हणून टाळाटाळ होईल, पण लेखी अर्ज देऊन पोच घ्याच. पुढे विमा कंपनी असो वा कोर्ट, पहिला कागद हाच मागितला जातो.

रस्त्यात रक्कम मात्र ठरवू नका. प्लास्टिकचा बंपर दाबला गेला तरी पुन्हा बाहेर येतो आणि धडधाकट दिसतो. आतला ब्रॅकेट, क्लिपा आणि पार्किंग सेन्सर तुटल्याचे गॅरेजमध्ये बंपर उतरवल्यावरच कळते.

आपल्याच विम्यातून क्लेम केला तर?

सोपे आहे, पण फुकट नाही. एस्टिमेट १८ हजारांचे असून त्यात नव्या बंपरचे ८ हजार आहेत, असे धरू. झीरो डेप नसेल तर प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे ४ हजार तुमचे. १५०० सीसीपर्यंतच्या कारला वर १ हजार सक्तीची वजावट. रंगाच्या सामानावरही निम्मी कपात होते. शिवाय नो क्लेम बोनस जातो. तुमचा बोनस ५० टक्के असेल आणि स्वतःच्या गाडीच्या विम्याचा मूळ हप्ता ८ हजार असेल, तर पुढच्या वर्षी ४ हजार जास्त भरावे लागतील. चूक दुसऱ्याची आणि तुमच्या खिशाला चाट ९ हजारांहून जास्त.

त्यामुळे आधी नोंदणीकृत मालकाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. अपघाताची तारीख, वेळ, दोन्ही गाड्यांचे नंबर, फोटो, पोलीस नोंद, एस्टिमेट आणि पैसे देण्यासाठी १५ दिवसांची मुदत, एवढे पुरे. धमकीची भाषा नको. टेम्पो कंपनीच्या मालाची फेरी करत असेल तर एक प्रत कंपनीलाही पाठवा. कंत्राटदाराला खरी भीती तिचीच असते. तुमच्या विम्यातून काही रक्कम मिळाली असेल, तर उरलेलीच मागा. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत.

पत्राला उत्तर आले नाही तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. ते फक्त मृत्यू आणि जखमींसाठी असते, हा गैरसमज आहे. कलम १६५ मध्ये मालमत्तेचे नुकसानही येते. व्यावसायिक वाहनांच्या पॉलिसीत अशा नुकसानीसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असते. हप्ता वाचवायला मालकाने ते कमी करून घेतले असेल तर फक्त ६ हजार. मात्र समोरची विमा कंपनी बहुतेक वेळा आदेशाशिवाय पैसे देत नाही. अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने, हे लक्षात ठेवा. मालकाच्या "बघतो, करतो"मध्ये चार महिने सहज जातात. अठरा हजारांसाठी वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीचा अर्ज करता येतो. ग्राहक आयोगाची भीती घालण्यात अर्थ नाही, कारण त्या टेम्पोचे तुम्ही ग्राहक नाही. एसटीची किंवा पालिकेची बस असेल तर ती विम्यातून सूट घेतलेली असू शकते. तेव्हा मागणी थेट त्या उपक्रमाकडे करा.

मालक तयार झाला तर पैसे खात्यावर घ्या. 'फुल अँड फायनल' लिहिलेल्या कागदावर गॅरेजचे अंतिम बिल हातात येईपर्यंत सही करू नका. आणि रक्कम ड्रायव्हरच्या पगारातून कापू नये, अशी एक ओळ पत्रात घातली तर चालते. मालक ऐकेलच असे नाही.