स्टेशन येतं, गप्पा संपत नाहीत

मुंबईच्या लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात काही प्रवासी आपलं स्टेशन आलं तरी उतरत नाहीत. समोरच्या मित्राशी बोलणं रंगात आलेलं असतं. मग त्याच्या स्टेशनापर्यंत सोबत जायचं आणि उलट्या दिशेच्या गाडीने परतायचं. हे बोलणं हातांनी, भुवयांनी, सगळ्या चेहऱ्याने चालतं.

ॲनलीस कुस्टर्स या बेल्जियन मानववंशशास्त्रज्ञ स्वतः कर्णबधिर आहेत. या प्रवाशांवरचा त्यांचा शोधनिबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढची दहा वर्षं त्या पुन्हापुन्हा या डब्याकडे वळल्या.

डब्याला एवढं महत्त्व का, हे समजायला कर्णबधिरांच्या घरात डोकावावं लागतं. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरात खुणांची भाषा कुणालाच येत नसेल, तर जेवताना सगळे हसतात तेव्हा काय झालं हे त्या मुलाला कुणीतरी नंतर, दोन शब्दांत सांगतं. बरं, कर्णबधिरांची अशी वेगळी वाडी किंवा वस्ती नसते. एक विरारला, दुसरा डोंबिवलीला. लोकल त्यांना एकत्र आणते. कोणती गाडी पकडायची हे मोबाइलवरच्या संदेशांतून ठरतं, मोठ्या स्टेशनांवर एकमेकांसाठी थांबणं होतं. नोकरी कुठे आहे, कुणाचं लग्न ठरलं, शहरात काय घडलं, ही सगळी माहिती डब्यात हातोहात फिरते. शिकलेला आणि शाळेचं तोंड फारसं न पाहिलेला तिथे शेजारी असतात.

रेल्वेने डबा राखून ठेवला तो प्रवास सुसह्य व्हावा म्हणून. कर्णबधिरांनी त्याचा कट्टा केला. समावेशनाची आपली कल्पना इथे अपुरी पडते. दिव्यांग व्यक्तीला इतरांमध्ये नेऊन बसवलं की काम झालं, असं आपण धरून चालतो. पण ज्या वर्गात एकाही शिक्षकाला खुणांची भाषा येत नाही, तिथे बसवलेलं कर्णबधिर मूल हजेरीपटावर असतं आणि तरीही एकटं असतं. आपल्या भाषेतली माणसं भेटणं हाही समावेशनाचाच भाग आहे.

अर्थात डब्यात सगळं गोडीगुलाबीचं नसतं. तिथे कर्करोगाच्या रुग्णांना आणि गरोदर स्त्रियांनाही मुभा आहे. बसायचा हक्क आधी कुणाचा, यावर कुरबुरी होतात. बहिरेपण दिसत नाही. हातपाय धड दिसणाऱ्याकडे आधी कार्ड मागितलं जातं, मग उठायला सांगितलं जातं. दिव्यांगांमध्येही अशी उतरंड असते, हे कुस्टर्स यांनी मांडलं आहे.

डब्याबाहेरच्या मुंबईवर त्यांनी ‘इशारे’ हा माहितीपट केला. त्यात सहा कर्णबधिर मुंबईकर आहेत. एक जण स्टेशनरीच्या दुकानांना घाऊक पेनं विकतो, एक जण ऐकणाऱ्या नवऱ्यासोबत दुकान चालवते, एक जण कॉफी शॉपची व्यवस्थापक आहे. एकाला ऐकू येत नाही आणि दिसतही नाही, तरी तो बाजारात खरेदी करतो. भाव, वजन, ‘हे नको, ते दाखव’ एवढं खुणांवर सहज निभावतं. अनेक भाषांच्या या शहरात ऐकणारेही एकमेकांशी हातवारे करतच असतात, त्यामुळे दुकानदार बिचकत नाही. पण या खुणांना मर्यादा आहे, हे त्या सहा जणांनाही ठाऊक आहे. भाजीवाल्याशी घासाघीस करता येते. शस्त्रक्रियेतला धोका किंवा करारातलं कलम अशा खुणांनी समजत नाही. तिथे पुरी सांकेतिक भाषा लागते आणि ती जाणणारा दुभाषी लागतो.

ही गरज थोड्याथोडक्यांची नाही. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या ५० लाखांहून अधिक लोकांची नोंद झाली. भारतीय सांकेतिक भाषेसाठी केंद्र सरकारची संस्था दिल्लीत उभी राहिली ती २०१५ मध्ये. २०२१ पर्यंत तिचा कोश दहा हजार शब्दांवर पोचला. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासमोर दुभाष्याच्या मदतीने हजर झाल्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी स्वतःहून दुभाषी नेमला. तालुक्याच्या कोर्टात, सरकारी दवाखान्यात, पोलीस ठाण्यातही अशीच नेमणूक व्हायला हवी. तिथे येणारा कर्णबधिर माणूस सहसा वकील नसतो, आणि त्याची गरज साराहून कमी नसते.