दोन वर्षांनंतरचे दूध : कुणाचे ऐकावे?

पूर्णगडसारख्या खाडीकाठच्या गावात बाळाचे दूध ही एकट्या आईची बाब राहत नाही. मूल दोन वर्षांचे झाले की सासू, नणंद, शेजारीण, साऱ्यांची मते तयार असतात. एक म्हणते, दोन वर्षे भरल्यावर एक दिवसही पाजणे हराम. दुसरी सांगते, मुलाला दोन वर्षे आणि मुलीला अडीच; तिसरी नेमके उलटे सांगते. चौथी म्हणते, आमची मुले तीन-तीन वर्षे प्यायली, काय झाले त्यांना? या गोंधळात एखाद्या रात्री आई छातीला कडुनिंबाचा पाला लावते आणि रडणाऱ्या लेकराचे दूध तोडते. म्हणून या प्रश्नाकडे आम्ही शांतपणे पाहायचे ठरवले.

आधी कुरआन पाहू. सूरह अल-बकराच्या 233 व्या आयतीत, ज्यांना दूध पाजण्याची मुदत पूर्ण करायची आहे त्यांच्यासाठी पूर्ण दोन वर्षे सांगितली आहेत. मुलगा आणि मुलगी असा भेद तिथे नाही. आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी त्याच आयतीत वडिलांवर टाकली आहे. मुलापायी आईला त्रास होऊ नये आणि वडिलांनाही होऊ नये, असे बजावले आहे. दोघांनी राजीखुशीने, मशवरा करून दूध तोडायचे ठरवले तर त्यात गुन्हा नाही, असेही म्हटले आहे.

मग मतभेद कुठून आले? इमाम अबू हनीफा यांनी दुधाची मुदत तीस महिने धरली. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी दोन वर्षे धरली. हनफी मतावर लिहिलेली बहुतेक उर्दू पुस्तके दोन वर्षांचा नियम कडकपणे सांगतात. पण कोकणी मुसलमान प्रामुख्याने शाफई मसलकाचे. तेराव्या शतकातील शाफई इमाम नववी यांच्या ‘मिन्हाज’ या ग्रंथात, आई-वडील दोघे राजी असतील तर दोन वर्षांहून अधिक पाजण्याची मुभा दिली आहे. म्हणजे शेजारणीच्या पुस्तकातला मसला चुकीचा नसतो, तो दुसऱ्या मसलकाचा असतो. घरातली सून हनफी माहेरची असेल तर हे वाद हमखास होतात. अशा वेळी आपल्या मसलकाच्या जाणत्या आलिमांना विचारावे, सुनेला दोष देऊ नये.

आणखी एक घोटाळा होतो. दोन वर्षे किंवा तीस महिने ही मोजणी दूधनात्यासाठीही लागते. परक्या बाईने या मुदतीत पाजले तर ती मुलाची दूधआई होते. शाफई मतात त्यासाठी पाच वेळा पाजणे लागते. हा निकाह कोणाशी होऊ शकतो याचा प्रश्न आहे. सख्ख्या आईने स्वतःच्या लेकराला किती दिवस पाजावे, हा वेगळा प्रश्न.

आता डॉक्टरांचे ऐकू. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सांगतात : पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, नंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक. वरची मर्यादा त्यांनी घातलेली नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2022 मध्ये दोन वर्षे आणि पुढेही पाजणाऱ्या आईला पाठिंबा देण्याचे धोरण स्वीकारले. दुसऱ्या वर्षात मुलाच्या ऊर्जेच्या गरजेचा सुमारे एक तृतीयांश भाग आईच्या दुधातून भागू शकतो. ‘दोन वर्षांनंतर दुधाचे पाणी होते’ हा समज खरा नाही.

मात्र चौथीचे म्हणणेही पुरते खरे नाही. मूल तीन वर्षांचे होऊन केवळ अंगावरच्या दुधावर राहिले तर त्याचे नुकसान होते. या दुधात लोह फार कमी असते. नाचणीची पेज, मऊ भात-डाळ, अंडे, काटे काढलेला मासा, भाजी, फळ हे त्याच्या पोटात जायलाच हवे. मूल जेवण टाळून दूधच मागत असेल तर आधी जेवण, मग दूध, असा क्रम लावावा. रात्री झोपण्यापूर्वी दात घासून द्यावेत. आईला अशक्तपणा असेल किंवा पुन्हा दिवस गेले असतील तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर, पाजत असल्यामुळे दिवस राहणार नाहीत, या भरवशावर राहू नये.

दूध तोडायचे ठरले तर हळूहळू तोडावे. आधी दुपारचे एक पाजणे कमी करावे, काही दिवसांनी दुसरे, रात्रीचे सर्वांत शेवटी. एकदम तोडले तर आईच्या छातीत गाठी येतात, ताप येतो. लेकराला तर आईनेच टाकले असे वाटते.

आता राहिला बाप. आमच्याकडे तो कधी होडीवर असतो, कधी दुबई-कुवेतला. पण मशवरा फोनवरही होतो. कुरआनने हा निर्णय आई आणि वडील या दोघांवर सोपवला आहे. वाडीवर नव्हे, शेजारणीवरही नव्हे. ‘अम्मीला विचार’ म्हणून फोन ठेवणाऱ्या बापाने बायकोला एवढे तरी विचारावे : तुला झेपते का? तू पोटभर जेवतेस का? दूध किती दिवस पाजायचे हे त्यानंतर दोघांनी मिळून ठरवावे.