पहिल्या प्रेमाच्या कादंबऱ्या आणि त्यांचे वाचक

प्रेमकथेचा शेवट वाचकाला बहुधा आधीच ठाऊक असतो. मुखपृष्ठावर एक मुलगा आणि एक मुलगी दिसली, की ती दोघे शेवटी एकत्र येतील किंवा दुरावतील. तिसरी शक्यता फारशी उरत नाही. असे असूनही अमेरिकेतील चौदा ते अठरा वर्षांची मुले, आणि मुलांपेक्षाही अधिक मुली, गेली ऐंशी वर्षे एका विशिष्ट जातीच्या प्रेमकादंबऱ्या मोठ्या ओढीने वाचीत आल्या आहेत. त्या कादंबऱ्या आता आपल्या शहरांतील पुस्तकांच्या दुकानांतही मांडलेल्या दिसतात. घरातील वडील माणसे असे एखादे पुस्तक उचलतात, चार पाने चाळतात, "यात आहे तरी काय?" असे विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता ते खाली ठेवतात. त्या प्रश्नाचे सरळ उत्तर देण्याचा प्रयत्न आज आपण करू.

प्रथम या वाङ्मयाची ओळख करून घेऊ. अमेरिकेत त्याला 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणतात. म्हणजे जो धड मूल राहिला नाही आणि धड प्रौढही झाला नाही, अशा वाचकाचे साहित्य. हा वाचक प्रथम ओळखला तो तेथील सार्वजनिक ग्रंथालयांनी. बालविभागातील पुस्तके त्याला पोरकट वाटत आणि मोठ्यांच्या विभागात त्याची विचारपूस करणारे कोणी नसे. बाल्टिमोर शहरातील एनॉक प्रॅट ग्रंथालयात मार्गारेट एडवर्ड्स या बाईंनी अशा मुलांसाठी दीर्घकाळ निष्ठेने काम केले. पुढे १९५७ साली अमेरिकन ग्रंथालय संघाने या वयोगटासाठी स्वतंत्र शाखा स्थापन केली. या साहित्यात राजेरजवाडे, भुतेखेते, अंतराळयाने सारे काही येते. आपला विषय मात्र त्यातल्या एकाच फाट्यापुरता आहे: आजच्या काळातील, साध्या घरातल्या, शाळेत जाणाऱ्या मुलामुलींच्या प्रेमकथा.

याही फाट्याचे दोन प्रकार पडतात. एक घटनाप्रधान, दुसरा स्वभावप्रधान. घटनाप्रधान कथेत गैरसमज, प्रतिस्पर्धी, अपघात, चुकलेले निरोप यांची साखळी असते आणि माणसे त्या साखळीला अडकवलेल्या बाहुल्यांसारखी हलतात. स्वभावप्रधान कथेत घटना अगदी थोड्या असतात; पण प्रत्येक घटना त्या विशिष्ट मुलीच्या किंवा मुलाच्या स्वभावातून उगवते. माझे म्हणणे थोडक्यात असे, की तरुण वाचकाला दीर्घकाळ धरून ठेवणारी ओढ या दुसऱ्या प्रकारात आहे. तिचे मूळ, 'हे दोघे एकत्र येतील का?' या प्रश्नापेक्षा, 'कोणीतरी माझ्याकडे पाहू लागले, तर मी कोण ठरेन?' या प्रश्नात आहे.

उदाहरणावाचून हे स्पष्ट होणार नाही. १९४२ साली मॉरीन डेली या तरुण लेखिकेची 'सेव्हन्टीन्थ समर', म्हणजे 'सतरावा उन्हाळा', ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखिकेचा जन्म १९२१ सालचा. महाविद्यालयात शिकत असतानाच तिने हे पुस्तक लिहिले. विस्कॉन्सिन प्रांतातील फाँड द्यु लॅक या सरोवरकाठच्या गावी अँजी मॉरो ही सतरा वर्षांची मुलगी राहते. जॅक डुलूथ हा बेकरीवाल्याचा मुलगा पावाची गाडी घेऊन दारोदार फिरतो. दोघांची ओळख होते, ती होडीतून फिरायला जातात, एकमेकांना आवडू लागतात. उन्हाळा संपतो. जॅकचे कुटुंब ओक्लाहोमाकडे जाणार असते आणि अँजी महाविद्यालयासाठी शिकागोच्या आगगाडीत बसते. कथानक एवढेच.

मग पुस्तकात आहे काय? एक प्रसंग पाहा. जॅक अँजीच्या घरी जेवायला येतो. खाताना त्याचा चमचा दातांवर वाजतो. अँजीच्या घरी नीटनेटकेपणाला फार महत्त्व. तो आवाज ऐकून ती मनातल्या मनात शरमून जाते. ज्या मुलासाठी ती दिवस दिवस झुरत होती, त्याच्याविषयी एका चमच्याच्या आवाजाने तिचे मन क्षणभर विटते. येथे कोणी खलनायक नाही, कोणताही गैरसमज नाही. आहे तो अँजीच्या संस्कारांतला खोल रुतलेला वर्गाभिमान, आणि तो तिचा तिलाच अनपेक्षितपणे दिसतो. वाचणाऱ्या मुलीला वाटते, 'अगदी असेच क्षुद्र विचार माझ्याही मनात येतात. पण ते मी कोणाला सांगितले नव्हते.' आपल्या मनातली लाजिरवाणी गोष्ट छापील अक्षरांत पाहिली, की माणसाचा एकटेपणा एकदम हलका होतो. सोळाव्या वर्षी तर तो फारच मोठा असतो.

याच्या उलट टोक पाहावयाचे तर १९८०च्या दशकात यावे लागेल. १९८१ साली 'स्वीट ड्रीम्स' नावाची स्वस्त प्रेमकादंबऱ्यांची माला निघाली आणि १९८३ साली फ्रान्सिन पास्कल यांच्या कल्पनेतून 'स्वीट व्हॅली हाय' ही दुसरी माला सुरू झाली. या दुसरीत कॅलिफोर्नियातील दोन सुंदर जुळ्या बहिणी. एक गुणी, दुसरी खट्याळ. पास्कलबाई कथेचा आराखडा देत आणि निरनिराळे लेखक त्यावरून पुस्तके लिहून काढीत. पुस्तके भराभर निघत आणि भराभर खपत. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. वाचनाची गोडी लागलेल्या कित्येक मुलींची पहिली पायरी तीच होती. परंतु त्यांतील नायिका पहिल्या पुस्तकात जशी, तशीच पन्नासाव्यातही. तिला काही घडले तरी तिच्यात काही घडत नाही. त्यामुळे असे पुस्तक वाचून संपले, की त्याच्या जागी दुसरे हवे असते. स्वभावप्रधान कादंबरी मात्र पुन्हा उघडली जाते, कारण ती व्यक्ती पुन्हा भेटावीशी वाटते.

ही ओळख लेखक घडवितो कशी? त्यासाठी तो बारीकसारीक गोष्टींवर फार भर देतो. रेनबो रॉवेल यांची 'एलिनॉर अँड पार्क' ही कादंबरी प्रथम २०१२ साली प्रसिद्ध झाली. कथेचा काळ १९८६, स्थळ नेब्रास्का प्रांतातील ओमाहा. शाळेच्या बसमध्ये नव्याने आलेल्या, लठ्ठ, तांबड्या केसांच्या, विचित्र कपडे घातलेल्या एलिनॉरला कोणी शेजारी बसू देत नाही. पार्क नाइलाजाने आणि चिडूनच तिला जागा देतो. कित्येक दिवस दोघे एक शब्दही बोलत नाहीत. पार्क आपल्या चित्रकथा वाचीत असतो आणि एके दिवशी त्याच्या लक्षात येते, की शेजारची मुलगीही त्याच पानावर डोळे लावून आहे. तो काही बोलत नाही. फक्त पुस्तक जरा अधिक उघडे धरतो आणि पान उलटण्यापूर्वी थोडा थांबतो.

पान उलटण्यापूर्वीच्या त्या थांबण्यात पार्कचा सारा स्वभाव आला. तो भिडस्त आहे, चार मुलांत वेगळे दिसण्याची त्याला भीती वाटते; पण तो दुसऱ्याची गरज ओळखतो. एलिनॉरच्या घरी सावत्र बापाची दहशत, पाच भावंडांना मिळून एक खोली, न्हाणीघराला दारसुद्धा नाही. पार्कने काय हवे म्हणून विचारले, तर ती दागिना मागत नाही. गाणी ऐकण्याच्या यंत्रासाठी बॅटऱ्या मागते. ज्या मुलीला साधा आडोसाही मिळत नाही तिच्या दृष्टीने प्रेम म्हणजे काय, हे त्या मागणीवरून समजते. घरातील संकटामुळे तिला अखेर गाव सोडावे लागते. पुढे पार्कच्या पत्रांना ती कित्येक महिने उत्तर देत नाही. शेवटी तिचे एक पोस्टकार्ड येते. त्यावर तीनच शब्द असतात, आणि ते कोणते हे लेखिका सांगत नाही. वाचकाने एलिनॉरला ओळखले असेल तर ते त्याने ठरवावे, इतका तिचा वाचकावर भरवसा आहे. याच पुस्तकातील पार्कच्या आईचे, म्हणजे एका कोरियन बाईचे, चित्रण ठरावीक साच्याचे झाले अशी टीका अनेक वाचकांनी केली. त्या टीकेमागची मागणीही माणूस खरा असावा हीच होती.

साचा आणि माणूस यांतील भेद दाखविणारी एक बोलकी हकीकत जेनी हॅन यांच्या 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर' या २०१४ सालच्या कादंबरीविषयी सांगता येईल. तिची सोळा वर्षांची नायिका लारा जीन हिची कोरियन वंशाची आई वारली आहे. वडील आणि तीन बहिणी असे घर आहे. एखाद्या मुलावरचे प्रेम मनातून काढून टाकावयाचे असले, की ती त्याला पत्र लिहिते आणि ते न पाठवता आईने दिलेल्या टोपीच्या डब्यात जपून ठेवते. अशी पाच पत्रे एके दिवशी ज्याची त्याला जाऊन पोचतात. कल्पना गमतीची आहे. पण तिच्या मुळाशी लारा जीनचा भित्रेपणा आहे. कागदावरचे प्रेम तिला सुरक्षित वाटते, कारण कागद सोडून जात नाही. ज्या घरात आई एकाएकी गेली त्या घरातील मुलीला असे वाटावे, यात नवल ते काय?

या कादंबरीवर चित्रपट करण्यास अनेक निर्माते उत्सुक होते. नायिका आशियाई वंशाचीच अभिनेत्री असेल, ही अट मात्र त्यांतल्या एकाच संस्थेने मान्य केली, असे हॅनबाईंनी २०१८ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिले आहे. बाकीच्यांचे म्हणणे, कथेत तसे असण्याची आवश्यकता काय? कथेला आवश्यकता नसेलही. परंतु लारा जीनला आहे. तिचे घर, तिची आई, तिचे जेवण काढून घेतले, तर जी मुलगी मागे उरते ती कोणीही असू शकेल. आणि 'कोणीही' मुलीची पाच पत्रे वाचण्यात कोणाला स्वारस्य असणार?

आता वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाकडे वळू. अशा पुस्तकांनी मुले बिघडतात, असे म्हटले जाते. आपल्याकडे ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांनाही हे ऐकावे लागले होते. अमेरिकेत या वादाचे केंद्र ठरले ते ज्यूडी ब्लूम यांचे १९७५ सालचे 'फॉरेव्हर', म्हणजे 'कायमचे'. त्यात कॅथरिन आणि मायकेल यांच्या शरीरसंबंधाचे उघड वर्णन आहे आणि त्याबद्दल नायिकेला मरणाची किंवा अधोगतीची शिक्षा झालेली नाही. तशी शिक्षा नसलेली गोष्ट हवी, ही मागणी लेखिकेच्या मुलीनेच केली होती. अनेक शाळांतून व ग्रंथालयांतून हे पुस्तक काढून टाकण्याची मागणी झाली. परंतु पुस्तक शेवटापर्यंत वाचणाऱ्याला काय आढळते? 'कायमचे' म्हणून घेतलेल्या शपथा एका उन्हाळ्यात विरतात. दूरच्या शिबिरात काम करणाऱ्या कॅथरिनचे मन दुसरीकडे वळू लागते आणि ते तिला मायकेलच्या तोंडावर कबूल करावे लागते. आपले मन बदलू शकते, आणि बदलले तर ते प्रामाणिकपणे सांगणे आपले कर्तव्य आहे, हा धडा याहून अधिक गंभीरपणे कोणत्या उपदेशपर पुस्तकाने दिला असेल?

तथापि आक्षेपात तथ्याचा अंश आहे, तोही मान्य केला पाहिजे. ज्या कथांत मुलीचे सारे दुःख मुलगा भेटताच नाहीसे होते, त्या कथा वाचकाला फसवितात. मत्सर म्हणजे प्रेमाची खूण, पाळत ठेवणे म्हणजे काळजी, असे शिकविणारी पुस्तकेही पुष्कळ आहेत. म्हणूनच बंदीपेक्षा पारख महत्त्वाची. माझ्या मते एक साधी कसोटी पुरेशी आहे: कथेतून नायक काढून घेतला, तर नायिका उरते का? अँजीचे घर आणि तिचा वर्गाभिमान उरतो, लारा जीनच्या बहिणी आणि तिची भीती उरते, एलिनॉरची झुंज तर पार्कवाचूनही चालूच असते. जेथे काहीच उरत नाही, तेथे माणूस नव्हता, साचा होता.

ही कसोटी मराठी वाचकाला परकी वाटू नये. मिलिंद बोकील यांची २००४ साली प्रसिद्ध झालेली 'शाळा' आठवा. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी आणि त्याची शिरोडकर. पुस्तकात घडते किती थोडे! आणि शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते. तरीही वर्ग, मित्र, मास्तर, घर आणि सभोवतालचा दडपलेला काळ यांच्यातून जोशी आपल्याला इतका जवळून दिसतो, की ज्यांची शाळा सुटून चाळीस वर्षे झाली तेही ते पुस्तक हातचे सोडीत नाहीत. अमेरिकेतही २०१२ सालच्या एका पाहणीत असे दिसून आले, की तरुणांसाठी म्हणून निघणारी निम्म्याहून अधिक पुस्तके अठरा वर्षांवरील माणसे विकत घेतात, आणि तीही बहुतेक स्वतःच्या वाचनासाठी. वय ओलांडले तरी 'मी कोण?' हा प्रश्न मागे राहत नाही, एवढाच याचा अर्थ.

पहिले प्रेम बहुतेकांचे टिकत नाही. टिकते ती त्या काळात झालेली स्वतःची ओळख. आपण कोठे भ्यालो, कोठे खोटे बोललो, कोणाची लाज वाटली, कोणासाठी पान उलटता उलटता थांबलो, हे माणसाला आयुष्यभर पुरते. चांगली प्रेमकादंबरी ही ओळख थोडी आधी आणि थोड्या कमी किमतीत करून देते. तेव्हा घरातल्या मुलीच्या हाती असे पुस्तक दिसले, तर ते काढून घेण्यापूर्वी तिला एवढेच विचारावे: "यातली मुलगी कशी आहे ग?" ती भरभरून बोलू लागली, तर पुस्तक चांगले आहे असे समजावे; आणि बोलता बोलता ती थोडी स्वतःविषयीही सांगत असेल, इकडे आपले लक्ष असावे.