जुनी जीप : व्यवहार आणि व्रत

बेळगावच्या पेठेतील व्यापाऱ्यास खानापूर, जांबोटी, चंदगड हा पश्चिमेकडील मुलूख परका नाही. उधारीची वसुली व मालाची पोच यांसाठी तिकडे पावसाळ्यातही जाणे भाग पडते. आणि आषाढ-श्रावणात डांबरी सडक सोडली, की चाक चिखलात रुतलेच म्हणून समजावे. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरविणारी गाडी अशा वेळी उपयोगी पडते. 1941 साली महायुद्धासाठी अमेरिकेत विलीस जीप बनू लागली. पुढे महिंद्र कंपनीने ती मुंबईत जुळवून आपल्याकडे रूढ केली. 1985 साली आलेली मारुती जिप्सी आता नवी मिळत नाही. साहजिकच अनेकांची दृष्टी जुन्या गाडीकडे वळते.

जुनी गाडी घेताना वरचा रंग पाहून भुलू नये. विश्वासू मेस्त्रीस सोबत नेऊन गाडीच्या पोटाखाली पाहावे. सांगाड्यास नुकताच काळा रंग फासलेला असेल, तर त्याखाली गंज दडलेला नाही ना, याची खात्री करावी. डिफरन्शियलमधील ऑइल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावेत. शेवटी मातीच्या रस्त्यावर चारचाकी जोडणीचा दांडा टाकून गाडी चालवून पाहावी.

घरी आणल्यावर एक पथ्य कसोशीने पाळावे. जुन्या जीपसारख्या गाड्यांत ही जोडणी कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरावयाची नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांहून अधिक अंतर कापतात. ओल्या मातीत ती थोडी घसरून हा फरक भरून काढतात, पण कोरड्या सडकेवर सारा ताण दंतचक्रांवर येतो. उलटपक्षी ही जोडणी वर्षभर न वापरणेही बरे नव्हे. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर ती थोडी चालवावी, म्हणजे ऑइल सर्वत्र पोहोचते. ओढा ओलांडल्यानंतर ऑइल तपासावे, सांध्यांना ग्रीस द्यावे व खालचा चिखल धुऊन काढावा.

आता कागदपत्रांविषयी. सीमाभागात महाराष्ट्राची गाडी कर्नाटकात सहज येते. परंतु मोटार वाहन अधिनियम, 1988 अन्वये बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीस तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. कर्जाचा बोजा असल्यास तो उतरविल्याची नोंदही हवी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढविता येते. किंमत ठरविताना हा सारा खर्च हिशेबात धरावा.

तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ व ‘प्रतिरूपकव्यवहार’ हेही आहेत. कर चुकविण्यासाठी परराज्याचा क्रमांक मिरविणे हे पहिल्याच्या जवळचे. किलोमीटरचा काटा मागे फिरवून गाडी विकणे हे दुसऱ्याच्या. घाटात जीर्ण ब्रेकने दगा दिला, तर घेणाऱ्याच्या कुटुंबावर कोसळणारे संकट विकणाऱ्यास अज्ञात नसते. म्हणून आपली गाडी विकताना तिचे दोष स्वतःच्या मुखाने सांगावेत. चार पैसे कमी मिळतील. पण पेढीची पत त्याहून मोलाची आहे, हे आपल्या व्यापारीबंधूंस निराळे सांगावयास नकोच.