अमेरिकन चित्रपटांतील गुलामगिरी व वंशचित्रण

अमेरिकन चित्रपटांतील गुलामगिरी व वंशचित्रण : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीयांची गुलामगिरी, यादवी युद्ध (१८६१–६५) आणि त्यानंतरचा पुनर्रचना काळ (१८६५–७७) यांना त्या देशाच्या चित्रपटांनी दिलेले रूप. तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी डिसेंबर १८६५ मध्ये रद्द झाली आणि बरोबर तीस वर्षांनी, डिसेंबर १८९५ मध्ये, ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये चलच्चित्रांचा पहिला जाहीर सशुल्क खेळ केला. त्यामुळे पडद्यावर हा इतिहास अवतरू लागला, तेव्हा युद्धात लढलेले सैनिक आणि गुलाम म्हणून जन्मलेले स्त्रीपुरुष अद्याप हयात होते. गुलामगिरी होती, हे कोणी नाकारीत नव्हते. वाद होता तो मुक्त झालेल्या माणसांनी नागरिक म्हणून काय केले आणि त्यांचा मताधिकार पुढे का हिरावला गेला, याविषयी. पहिली पन्नासहून अधिक वर्षे हॉलिवुडने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते बव्हंशी युद्धात पराभूत झालेल्या दक्षिणेकडील गोऱ्या मळेवाल्यांचे होते.

आरंभीच्या मूकपटांनी रंगभूमीवरील रूढ संकेत जसेच्या तसे उचलले. हॅरिएट बीचर स्टो यांच्या अंकल टॉम्स केबिन (१८५२) या गुलामगिरीविरोधी कादंबरीवर एडविन पोर्टर यांनी १९०३ मध्ये लहानसा मूकपट काढला. त्यात टॉमची भूमिका गोऱ्या नटाने चेहऱ्याला काळा रंग फासून केली होती. १९१४ च्या आवृत्तीत सॅम लूकस या कृष्णवर्णीय नटाला ती मिळाली; परंतु हा अपवादच होता.

या विषयाच्या इतिहासात निर्णायक ठरलेला चित्रपट म्हणजे डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा द बर्थ ऑफ अ नेशन (१९१५). टॉमस डिक्सन यांच्या द क्लॅन्समन (१९०५) या कादंबरीवर तो आधारलेला आहे. ग्रिफिथ हे केंटकी राज्यातील असून त्यांचे वडील दक्षिणेच्या सैन्यात अधिकारी होते. सुमारे तीन तासांचा हा चित्रपट तंत्रदृष्ट्या त्या काळी अपूर्व होता. युद्धभूमीची विशाल दृश्ये, समीपदृश्यांचा भावपूर्ण वापर आणि एकाच वेळी भिन्न ठिकाणी घडणाऱ्या घटनांची आलटून पालटून केलेली गुंफण यांमुळे चित्रपटकलेच्या अभ्यासक्रमांत त्याचे स्थान आजही आहे. परंतु हेच गुण त्यातील असत्याला बळ देतात. मजकुराच्या पाट्यांवर काही दृश्ये ‘ऐतिहासिक प्रतिकृती’ असल्याचे सांगितले जाते आणि अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या इतिहासग्रंथातील उताऱ्यांचा आधार दिला जातो. साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाचे सभागृह छायाचित्रावरून काटेकोरपणे उभारलेले आहे. त्यात बसलेले कृष्णवर्णीय सदस्य मात्र अनवाणी पाय मेजावर टाकून मद्यपान करताना दाखविले आहेत. वास्तू खरी असल्याने प्रेक्षक तिच्यातील वर्तनही खरे मानतो. अखेरीस कू क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेचे घोडेस्वार गोऱ्या कुटुंबांचे ‘तारणहार’ म्हणून धावून येतात आणि पुढील निवडणुकीत हेच सशस्त्र स्वार कृष्णवर्णीयांना मतदानाला जाण्यापासून रोखतात. चित्रपटाच्या दृष्टीने हा सुखान्त आहे.

वस्तुस्थिती वेगळी होती. चौदाव्या (१८६८) व पंधराव्या (१८७०) घटनादुरुस्त्यांनी नागरिकत्व व मताधिकार मिळाल्यावर दक्षिणेत सुमारे २,००० कृष्णवर्णीयांनी लहानमोठी सार्वजनिक पदे भूषविली. सोळा जण काँग्रेसच्या दोन्ही गृहांत निवडून गेले. अनेक राज्यांत सार्वजनिक शाळांची व्यवस्था याच काळात उभी राहिली. मराठी वाचकाला येथे एक योगायोग जाणवेल. महात्मा जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता घडवून आणणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तो याच पुनर्रचना काळात. पुण्याहून जी घटना मानवमुक्तीचा आदर्श म्हणून गौरविली गेली, तिच्याच परिणामांना बेचाळीस वर्षांनी अमेरिकेतील सर्वांत यशस्वी चित्रपटाने राष्ट्रावरील आपत्ती ठरविले.

ग्रिफिथ यांच्या चित्रपटाचा खेळ फेब्रुवारी १९१५ मध्ये व्हाइट हाउसमध्ये झाला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेने अनेक शहरांत त्याविरुद्ध चळवळ केली. बॉस्टनमध्ये पत्रकार विल्यम मन्रो ट्रॉटर यांनी निदर्शनांचे नेतृत्व केले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ व्यवसाय असून त्याला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय दिला होता (तो १९५२ मध्ये बदलला). त्यामुळे बंदीची मागणी करणे कायद्याने शक्य होते. पण अभ्यवेक्षणाचे हे शस्त्र पुढे कृष्णवर्णीयांच्याच चित्रपटांवर चालले. नोव्हेंबर १९१५ मध्ये जॉर्जिया राज्यात स्टोन मौंटन येथे क्लॅनचे पुनरुज्जीवन झाले, ते जळता क्रूस उभारून. मूळ क्लॅनमध्ये ही प्रथा नव्हती. ती डिक्सन यांच्या कादंबरीतून व तिच्यावरील चित्रपटातून आली. कल्पिताने इतिहासाचा विपर्यास केला, एवढेच नव्हे, तर पुढील इतिहासाला विधीही पुरविला.

पहिले समर्थ प्रत्युत्तर ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय निर्माता-दिग्दर्शकाने दिले. त्याच्या विदिन अवर गेट्स (१९२०) या मूकपटात गोऱ्या जमावाने केलेली हत्या आणि कृष्णवर्णीय स्त्रीवर गोऱ्या पुरुषाने केलेला अत्याचाराचा प्रयत्न दाखविला आहे; ग्रिफिथ यांच्या मांडणीची ही उलटतपासणीच होय. शिकागोत १९१९ मध्ये वांशिक दंगल होऊन गेली असल्याने तेथील अधिकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली. पुढे हा चित्रपट नष्ट झाला असे मानले जात होते. स्पेनमध्ये सापडलेल्या प्रतीवरून त्याचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा त्यातील पाट्यांचा मजकूर स्पॅनिशमधून पुन्हा इंग्रजीत आणावा लागला.

गॉन विथ द विंड (१९३९) या चित्रपटात द्वेषाची जागा स्मरणरंजनाने घेतली. निर्माता डेव्हिड सेल्झनिक यांनी मार्गारेट मिचेल यांच्या कादंबरीतील (१९३६) क्लॅनचा नामोल्लेख गाळला; तथापि आनंदी गुलाम आणि उद्ध्वस्त झालेले उदात्त मळे हे चित्र कायम ठेवले. पूर्वी गुलाम असलेल्या मातापित्यांच्या पोटी जन्मलेल्या हॅटी मॅक्‌डॅनिएल यांना त्यातील दाईच्या भूमिकेबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय होत. मात्र वर्णविभक्तीमुळे अटलांटातील पहिल्या खेळास त्यांना उपस्थित राहता आले नाही आणि पारितोषिक समारंभात त्यांचे मेज वेगळे मांडले होते. १९३४ पासून कठोरपणे अंमलात आलेल्या हॉलिवुडच्या निर्मितिसंहितेने कृष्ण-गौर लैंगिक संबंधांचे चित्रण निषिद्ध केले होते. मळ्यांवरील गुलाम स्त्रियांवर मालकांकडून होणारी बळजोरी आणि तीतून जन्मलेली, पुन्हा गुलामच ठरणारी संतती हे त्या व्यवस्थेचे मर्म. तेच त्यामुळे दाखविता येईना. १९५६ मध्ये हा निर्बंध उठला.

नागरी हक्कांच्या चळवळीनंतर वारे फिरले. ॲलेक्स हेली यांच्या ग्रंथावरील रूट्स ही दूरचित्रवाणी मालिका जानेवारी १९७७ मध्ये सलग आठ रात्री दाखविली गेली आणि कोट्यवधी अमेरिकनांनी गुलामगिरीकडे प्रथमच गुलामांच्या बाजूने पाहिले. चित्रपट मात्र गोऱ्या नायकाचा आधार सहजी सोडीनात. ग्लोरी (१९८९) हा कृष्णवर्णीय पलटणीवरील चित्रपट तिच्या गोऱ्या सेनाधिकाऱ्याच्या दृष्टीतून उलगडतो. शिवाय त्या पलटणीतील बहुतेक सैनिक उत्तरेतील स्वतंत्र नागरिक होते, ते येथे पळालेले गुलाम झाले आहेत. लिंकन (२०१२) मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीची संसदीय लढाई रंगते, पण फ्रेडरिक डग्लस कोठेही दिसत नाहीत. स्टीव्ह मॅक्क्वीन यांचा ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह (२०१३) अधिक पुढे गेला. न्यूयॉर्कचे स्वतंत्र नागरिक सॉलोमन नॉर्थप यांचे १८४१ मध्ये अपहरण होऊन ते लुइझियानात बारा वर्षे गुलामीत राहिले. त्यांच्या आत्मकथनावर तो आधारलेला आहे. फासात अडकलेला नॉर्थप पायांच्या बोटांवर कसाबसा तोल सांभाळतो आणि त्याच्या मागे मळ्यातील नित्याचे व्यवहार निमूटपणे चालू राहतात, हे प्रदीर्घ दृश्य व्यवस्थेचे स्वरूप कोणत्याही संवादाविना सांगते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या कृतीला मिळाले, ते या चित्रपटाने प्रथमच.

गुलामांच्या यातना अशा रीतीने पडद्यावर आल्या. मुक्त नागरिकांचा मताधिकार व तो गमावण्याची कहाणी मात्र क्वचितच आली. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ मध्येच पुनर्रचना काळाचा नव्याने इतिहास लिहिला होता आणि १९६० नंतर विद्यापीठांतील संशोधनाने त्यास पुष्टी दिली. हॉलिवुडने या विषयाला गंभीरपणे हात घातला, तो फ्री स्टेट ऑफ जोन्स (२०१६) या चित्रपटात. मिसिसिपीतील बंडखोर शेतकरी न्यूटन नाइट याच्या या कथेचा नायकही गोराच आहे. परंतु मुक्त गुलामांचे मतदान आणि त्यावरील दहशत हे त्याच्या उत्तरार्धाचे प्रत्यक्ष विषय आहेत. तिकीटविक्रीत तो अपयशी ठरला. कथेच्या अधूनमधून १९४८ मधील एक खटला येतो. नाइटच्या एका वंशजावर कृष्णवर्णीय रक्ताचा अंश असताना गोऱ्या स्त्रीशी विवाह केल्याचा आरोप ठेवलेला असतो. तो खटला मिसिसिपीत खरोखरच चालला होता.